अहिराणी भयपटाचं पोस्टर : काळं किती, लाल किती, अक्षर कसं?

बागेतला_रखवालदार

मंडळी, एका अहिराणी भयपटाचं पोस्टर करायचं आहे. चित्रपट ४० मिनिटांचा, नाव 'कोन ई ऱ्हायनं?' गोष्ट रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागेत एका रात्रीत घडते. राखणीला बसलेल्या माणसाला सरीतून कुणीतरी चालत येतंय असं ऐकू येत राहतं. दिसत मात्र शेवटपर्यंत काहीच नाही.

पोस्टर तीन ठिकाणी लागेल. भिंतीवर चिकटवायला २० बाय ३० इंच कागदी, चौकांत १० बाय ८ फुटांचे दोन-तीन फ्लेक्स, आणि यूट्यूबचं थंबनेल. कच्चा आराखडा असा : पूर्ण काळी पार्श्वभूमी, मधोमध दोन लाल डोळे, खाली केळीची पानं, नाव रक्त ठिबकणाऱ्या लाल अक्षरांत. मोबाइलवर भारी दिसतं. निर्मात्यांना वर सहाही कलाकारांचे चेहरे हवे आहेत. छापायला देण्याआधी काय बदलावं, स्पष्ट सांगा.

शेवभाजी_डबल_तिखट

सहा चेहरे टाकले की ते भयपटाचं पोस्टर राहत नाही, वाढदिवसाचा फ्लेक्स होतो. फक्त 'शुभेच्छुक' लिहायचं बाकी राहिलं.

आणि ते लाल डोळे काढा भो. जे गोष्टीत शेवटपर्यंत दिसत नाही, त्याचे डोळे चौकात १० फुटांच्या फ्लेक्सवर लावले तर तिकडे बागेत ऐकू काय येणार? तुमच्या नावातच प्रश्न आहे. त्याचं उत्तर पोस्टरवर कशाला?

चार_रंगी

'मोबाइलवर भारी दिसतं' इथेच गडबड आहे. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो, म्हणून गडद भागातला बारीक फरकही डोळ्याला कळतो. कागदावर वरून पडलेला उजेड परत येतो तेवढाच. त्यात शाई कागदात पसरते. पडद्यावर ५० टक्क्यांचा असलेला ठिपका ऑफसेटवर (प्लेटांच्या छपाईत) ६५-७० टक्क्यांचा होऊन बसतो, आणि ८५-९० च्या पुढचं सगळं मिटून एकच काळं होतं. तुमची खालची केळीची पानं बहुधा त्याच पट्ट्यात आहेत. छापून आल्यावर पानं नसतील, नुसता काळा पट्टा असेल.

तपासायची साधी रीत : पडद्याचा उजेड ४० टक्क्यांवर आणा, चित्र रंगहीन करा आणि चार पावलं मागे जा. जे दिसेनासं झालं ते छपाईत गेलंच म्हणून समजा. जे दिसायलाच हवं त्याचा गडदपणा ८० टक्क्यांच्या आत आणा. जे नकोच आहे ते सरळ पूर्ण काळं करा. मधल्या ८५ ते ९५ च्या चिखलात काहीही ठेवू नका.

आता काळ्याबद्दल. नुसता १०० टक्के काळा मोठ्या जागेवर छापला की राखाडी, धुतलेला दिसतो. त्याच्याखाली इतर रंगांचा आधार लागतो. आर्ट पेपरवर सायन (निळी शाई) ६०, मॅजेंटा (गुलाबी-तांबडी) ४०, यलो ४०, ब्लॅक १०० चालतं. एकूण २४० टक्के शाई. भिंतीवर चिकटवायच्या पातळ कागदावर ४०-३०-३०-१०० पुरे. चारही १०० करू नका. ४०० टक्के शाई वाळत नाही, वरच्या शीटच्या पाठीला लागते आणि अख्खा गठ्ठा डागाळतो.

आणखी एक चूक हमखास होते. फोटो फोटोशॉपमधून येतो. त्यातला काळा आरजीबीतून (पडद्याच्या रंगांतून) छपाईच्या चार रंगांत बदलताना नेहमीच्या सेटिंगला साधारण ७५-६८-६७-९० होतो. मग कोरलमध्ये (मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या फोटोखाली पट्टी वाढवायला कुणीतरी नुसत्या काळ्याचा चौकोन जोडतो. पडद्यावर दोन्ही सारखेच काळे. छापल्यावर मधोमध सरळ रेष. काळं एकाच ठिकाणी बनवा आणि तेच आकडे सगळीकडे वापरा.

बागेतला_रखवालदार

श्रेयनामावली काळ्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत आहे. ती चालेल का?

चार_रंगी

त्या पट्टीपुरतं काळं एकाच शाईचं ठेवा. चार रंगांच्या काळ्यातून पांढरं अक्षर कोरलं आणि एखादी प्लेट पाव मिलिमीटर जरी सरकली, तरी अक्षराच्या पोटात निळी-तांबडी कड घुसते. देवनागरीत पोटं आधीच लहान असतात. ९ पॉइंटच्या खाली जाऊ नका, जाड वजन घ्या. आणि इंग्रजी पोस्टरांसारखी अक्षरं आडवी चेपून उंच करू नका. चेपली की 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' एकाच घरचे वाटायला लागतात.

फक्त पट्टीचं काळं आणि वरचं काळं एकमेकांना थेट भिडू देऊ नका. मधे पानांची कड, बांध, काहीतरी येऊ द्या. नाहीतर वर सांगितलेली रेष तुम्हीच तयार कराल.

फ्लेक्सवाले_नाना

कागदाचं वर झालं, फ्लेक्सचं मी सांगतो. लाल अक्षर काळ्यावर, ही भयपटवाल्यांची जुनी खोड. दोन कारणांनी ती फसते.

पहिलं कारण संध्याकाळ. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल सगळ्यात आधी दिसेनासा होतो. दिवेलागणीला, म्हणजे चौकात गर्दी असते नेमक्या त्या वेळी, लाल नाव काळ्यात बुडतं. दुसरं कारण ऊन. फ्लेक्सच्या सॉल्व्हंट शाईतले पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात, निळा आणि काळा टिकून राहतात. लाल रंग बनतो त्याच दोघांचा. एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात लावलेला लाल फ्लेक्स आधी फिका गुलाबी होतो, मग निळसर मळकट. रक्ताचं पाणी झालेलं दिसतं.

नाव फिकट पिवळसर पांढऱ्यात घ्या. चुन्याच्या भिंतीवर धूर बसल्यावर येतो तो रंग. लाल हवाच असेल तर एका जागी, मुठीएवढा.

मापं घ्या. १० बाय ८ फूट म्हणजे १२० बाय ९६ इंच. ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) फाइल ८६४० बाय ६९१२ पिक्सेल. याहून जास्त डीपीआय देऊन उपयोग नाही, फ्लेक्स दुरून बघायचा असतो. चारही बाजूंना ३ इंच जास्तीचं चित्र ठेवा, ते लाकडी चौकटीवर दुमडून खिळ्यांत जातं. त्या ३ इंचांत आणि त्याच्या आतल्या आणखी ३ इंचांत अक्षर नको.

अक्षराची उंची : दर १० फूट अंतराला १ इंच. चौकात १०० फुटांवरून वाचायचं असेल तर १० इंच. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची. वेलांटी-मात्रा त्यात धरायची नाही.

गडद फ्लेक्स छापला की लगेच गुंडाळू देऊ नका. काळ्याला शाई जास्त लागते, ओली असताना गुंडाळली तर चिकटते आणि उलगडताना पापुद्रे निघतात. काही तास पसरून ठेवायला सांगा. शिवाय काळा चकचकीत फ्लेक्स दुपारी आरसा होतो. समोरचं आभाळ आणि विजेचे खांब त्यात दिसतात, चित्र नाही. मॅट मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर चौकट वरून जराशी पुढे झुकवून बांधा.

शेवभाजी_डबल_तिखट

नाना, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराच्या वावटळीचंही सांगा. भूत राहिलं बाजूला, फ्लेक्सच उडून बागेत जाईल.

फ्लेक्सवाले_नाना

त्यासाठी वाऱ्याला वाट म्हणून अर्धचंद्राचे काप मारतात. काप कुठे येणार ते आधी ठरवा. नावावर आणि चेहऱ्यावर मारले की झालं. आणि पालिकेची परवानगी घेऊनच लावा. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे. कागदी पोस्टरलाही लागू होतो तो.

शिरोरेखा

अक्षरांकडे येते. या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं नाव आहे आणि त्याबद्दल अजून कुणी बोललं नाही.

'ऱ्हायनं' मधला 'ऱ्ह' बघा. अहिराणीत हा जोडाक्षर पावलोपावली येतो. काय करी ऱ्हायना, कोन ई ऱ्हायनं. टाइप करताना साधा 'र' घेतला की रफार डोक्यावर जातो आणि 'र्हायनं' असं भलतंच उमटतं. 'ऱ' हे युनिकोडमध्ये वेगळं अक्षर आहे. आधी ते, मग हलन्त, मग 'ह'. तरीही काही फॉन्टांत चंद्रकोरीसारखा अर्धा र नसतोच, किंवा असला तरी 'ह' ला चिकटत नाही. म्हणून फॉन्ट निवडताना 'कखग' टाइप करून बघू नका. 'ऱ्हायनं' टाइप करून बघा.

फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडत असेल किंवा जोडाक्षरं फुटत असतील तर दोष फॉन्टचा नाही. जुन्या आवृत्तीत पसंतीच्या (प्रेफरन्सेस) खिडकीत टाइपखाली 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा, नवीन फाइल उघडा, मग टाइप करा. प्रेसवाल्याकडे जुनं कोरल असेल, त्याच्याकडे श्री-लिपी (जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट) असेल, तुमच्याकडे युनिकोड असेल. या भांडणात पडू नका. सगळी अक्षरं कर्व्ह (नुसत्या रेषांचं चित्र) करून द्या, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू. मजकूर बदलता येणारी एक प्रत स्वतःकडे ठेवा. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखनाची चूक सापडली तर अक्षर कापत बसावं लागतं.

आता ठिबकणारं रक्त. लॅटिन अक्षरांना खाली काही नसतं, तिथे ओघळ खपून जातो. देवनागरीत अक्षराच्या खालची जागा उकाराची. 'न' खाली ओघळ काढला की 'नु' वाचलं जातं. 'को' खाली काढला की वाचणारा अडखळतो. तसंच जुनाट, खरवडलेला पोत चढवताना 'नं' वरचा अनुस्वार उडतो आणि शब्द लंगडा होतो. पोत चढवायचाच तर अक्षराच्या अंगावर चढवा. टिंब, मात्रा, वेलांटी, रफार यांवरून तो पुसून टाका.

तुमच्या नावात एक गंमत आहे. त्यात खाली लटकणारी एकही खूण नाही, सगळं वर आहे : को ची मात्रा, ई चा फाटा, नं चं टिंब. म्हणजे अक्षरांचा पाया सपाट मिळतो, जमिनीवर उभं केल्यासारखा. आणि मधे एकटं 'ई'. अहिराणीत 'ई' म्हणजे येऊन. नावातली सगळी हालचाल त्या एका अक्षरात आहे. तिन्ही शब्द एका रेषेत ठेवा, फक्त 'ई' ८-१० टक्के मोठं करून किंचित खाली उतरवा. तेवढंच अक्षर ओळ सोडून आपल्याकडे येतंय असं वाटेल. मोठं केल्यावर त्याची काठी इतरांपेक्षा जाड होते, ती कर्व्हमध्ये बारीक करून घ्या, नाहीतर नुसती चूक वाटेल.

फुकट आणि व्यावसायिक कामाला चालणारे फॉन्ट : 'एक टाइप' चे मुक्त, बालू, मोडक आणि इंडियन टाइप फाउंड्रीचा खंड. बालू-मोडक गुबगुबीत आहेत, मिठाईच्या दुकानाला शोभतील. खंड उंच आणि अंगाने आवळलेला आहे, नावाला तो आधी लावून बघा. श्रेयनामावलीला मुक्त. पण खरं सांगायचं तर तीनच शब्द आहेत. बोरूने किंवा चपट्या ब्रशने ए-३ कागदावर वीस-पंचवीस वेळा लिहा, त्यातलं एक स्कॅन करा. फॉन्टमधले दोन 'न' हुबेहूब सारखे येतात, हाताचे येत नाहीत. तुमच्या नावात 'न' दोनदा आहे.

पांझराकाठ

छान सुचवलं ताई. एक भर : अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो, हे टॅगलाइन लिहिताना लक्षात ठेवा. 'काया डोया' आपल्याला काळा डोळा. पुण्या-मुंबईचा वाचक 'काया' म्हणजे शरीर समजतो. थंबनेलवर तो गोंधळ महागात पडेल. नाव अहिराणीत आहे, ते कुणालाही अंदाजाने कळतं. त्याखाली अजून अहिराणी ओळ नकोच. एवढंच पुरे.

केळफूल

चित्राबद्दल. केळीच्या बागेत डोळे रंगवायची गरजच नाही, बाग स्वतः पुरेशी आहे. घडांवर घालतात त्या पांढऱ्या स्कर्टिंग बॅगा आठवा. रात्री बॅटरी मारली की ओळीने लटकलेल्या पांढऱ्या आकृत्या दिसतात, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. खान्देशातल्या माणसाला त्या ओळखीच्या आहेत, म्हणून जास्त लागतील. त्यातली एकच बॅग आतून उजळलेली दाखवा. बाकी सगळ्या नुसत्या फिकट.

फोटो असा घ्या. सूर्य मावळल्यावर १५ ते ३० मिनिटं आभाळात निळा उजेड असतो, तेवढीच वेळ आहे. पूर्ण अंधारात गेलात तर पानांच्या कडा मिळत नाहीत, आणि चार_रंगींनी सांगितलेला चिखल कॅमेऱ्यातच तयार होतो. तिकाटणं (ट्रायपॉड) लावा. आयएसओ ४००, छिद्र एफ ८, उघडीप २ ते ४ सेकंद, रॉ फाइल. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनच्या आसपास ठेवला की आभाळ आणि पानं निळी पडतात आणि पिवळा दिवा दिव्यासारखा दिसतो.

बॅगेत दिवा एलईडीच घाला, छोटा, बॅटरीवरचा, पिवळसर. हॅलोजन घातला तर न विणलेलं प्लास्टिकचं कापड वितळेल. दिवा घडाच्या मागच्या अंगाला बांधा, म्हणजे फण्यांची सावली कापडावर पडते. ती बोटांसारखी दिसते. मुद्दाम हात काढायला जाऊ नका.

कॅमेरा सरीच्या मधोमध, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. पाच-सहा फुटांवर लावलेल्या झाडांच्या सरळ रांगा एका बिंदूकडे जातात आणि नजर आपोआप आत खेचली जाते. उजळलेली बॅग त्या बिंदूवर नको. तिसऱ्या-चौथ्या झाडावर, एका बाजूला. बिंदू रिकामा, अंधारा राहू द्या. तुमचं 'कोन' तिथून येतंय.

मोठा पंखा फिरवू नका, वारा नसलेली संध्याकाळ निवडा. ४ सेकंदांत पान हललं की धूसर होतं. वाळकी, लोंबणारी पानं तोडायची नाहीत, तीच खरी आकृती देतात. हिरव्या पानांवर फवाऱ्याने पाणी मारलं की निळ्या उजेडाच्या कडा चमकतात. धूर हवा असेल तर धुराचं यंत्र भाड्याने घ्या, वाळली पानं पेटवू नका. खाली ठिबकच्या नळ्या असतात. केळीचा चीक कपड्यावर पडला की जात नाही, म्हणून कलाकाराचा पांढरा सदरा असेल तर दोन ठेवा. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या बागांत बिबट्या येतो. चार-पाच जण, दिवे, बोलत राहणं. बागमालकाला सांगितल्याशिवाय आत जाऊ नये, वनहद्दीत तर अजिबात नाही.

चार_रंगी

फोटो मोबाइलवर घेणार असाल तर हिशेब करा. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० बाय ३०००. २० बाय ३० इंचाला कापल्यावर ४००० बाय २६६७ उरतात, म्हणजे इंचाला १३३ ठिपके. भिंतीवरचं पोस्टर तीन-चार फुटांवरून बघतात, त्याला १५० पुरतात. चालून जाईल. पण 'नाइट मोड' बंद. तो मोबाइल गडद भाग उगाच उजळतो आणि पानांवर मेणचट थर आणतो. अक्षरं मात्र फोटोत मिसळून देऊ नका, ती वेगळी, रेषांचीच राहू द्यात.

केळफूल, निळ्याबद्दल एक हरकत. पडद्यावरचा तो खोल निळा छापता येत नाही. सायन-मॅजेंटातून जांभळा होतो. मॅजेंटा सायनच्या किमान ३० टक्के खाली ठेवा, नाहीतर लग्नपत्रिका वाटेल.

केळफूल

मान्य. मग निळा कमी करून हिरव्याकडे झुकवू. आजारी हिरवा. केळीला तो जास्त शोभतो, आणि नानांच्या म्हणण्याप्रमाणे निळा-काळा टिकला तरी पोस्टर उन्हात बिघडणार नाही.

फ्लेक्सवाले_नाना

हिरव्यात पिवळा असतोच ना. तोही उडेल, उरेल निळसर. पण या पोस्टरला ते बाधत नाही. रात्र अजून रात्र होईल.

गिरणाकाठचा_रम्या

एक सुचवू का? फक्त बागेपेक्षा माणूस हवा. केस सोडलेली आदिवासी बाई, हातात दिवा, वर 'डाकीण' असं काहीतरी. सातपुड्यात हे चालतं. मुंज्या, हडळ आता सगळ्यांनी करून झालं.

सातपुडा_पायथा

नको भाऊ. 'चालतं' म्हणून तर नको. नंदुरबारच्या डोंगरभागात बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना खऱ्या आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखादी व्यक्ती करणी करते असं पसरवून तिचं जगणं अवघड करणं हा गुन्हा धरला आहे. चित्रपटाचं पोस्टर म्हणजे कुणा एकीवरचा आरोप नव्हे, पण तोच चेहरा, तेच दागिने, तोच शब्द चौकात १० फुटांचा लावला तर गावातली माणसं ते चित्र कुणाला चिकटवतील, ते आपल्या हातात राहत नाही. हडळीचे उलटे पाय, पिंपळावरचा मुंज्या ही कल्पनेतली माणसं आहेत. डाकीण म्हणून हिणवलेली बाई जिवंत असते.

कानबाईचं नथ घातलेलं नारळही कुणी सुचवेल, त्याआधीच सांगतो, तेही नको. अंधारात खालून उजेड टाकला की ते भीतीदायक दिसतं हे खरं. पण श्रावणात लोक ते घरात बसवतात.

गिरणाकाठचा_रम्या

पटलं. मागे घेतो.

पांझराकाठ

जागा बदलायची असेल तर बागेखेरीज दोन चांगल्या आहेत. कापूस वेचून झाल्यावर फेब्रुवारीत उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या, ज्यांवर कुठे कुठे बोंडाचा पांढरा पुंजका अडकलेला असतो. आणि धाब्याच्या घराची माळवदावर जाणारी शिडी. पण गोष्ट केळीत घडते, तेव्हा हे पुढच्या चित्रपटाला ठेवा.

बागेतला_रखवालदार

सगळ्यांचे आभार. दुसरा आराखडा असा झाला : सरी, हिरवट निळा उजेड, डावीकडे चौथ्या झाडावर एक उजळलेली बॅग, नाव हाताने लिहिलेलं, धुरकट पांढऱ्यात, 'ई' पुढे आलेलं. लाल कुठेच नाही. निर्माते सहा चेहऱ्यांवरून चारवर आले आहेत. तेच थंबनेलला कापून लावलं तर?

शिरोरेखा

कापू नका, वेगळं रचा. पोस्टर उभं, थंबनेल आडवं, १२८० बाय ७२०. उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब वेळेचा आकडा चिकटवतं, तिथे काही ठेवायचं नाही. मोबाइलच्या यादीत ते अंगठ्याएवढं दिसतं. तीन शब्दांचं नाव दोन ओळींत घ्या, श्रेय काढा, बॅग मोठी करून डाव्या तिसऱ्या भागात आणा. १६० पिक्सेल रुंद करून बघा. 'ऱ्ह' वाचता आला तर ठीक.

गडद रंगछटांत व्हॉट्सॲपवर पट्टे पडतात, पायऱ्यांसारखे. १६ बिटमध्ये काम करा आणि शेवटी २-३ टक्के दाणे (नॉइज) मिसळा, पट्टे मोडतात. प्रेसला फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून.

शेवभाजी_डबल_तिखट

चार चेहऱ्यांचा तोडगा : पोस्टर दोन करा. एक बागेचं, ते भिंतीवर. दुसरं चेहऱ्यांचं, ते निर्मात्यांच्या गावच्या चौकात आणि व्हॉट्सॲप स्टेटसला, १०८० बाय १९२०. दोघांचं नाव आणि रंग एकच. भांडण मिटतं. चेहरे समोरून हसरे नकोत, सगळ्यांची नजर एकाच बाजूला, फोटोच्या बाहेर. उजेडही एकाच बाजूने. चार जणांनी चार वेगवेगळ्या दिवशी काढलेले सेल्फी कापून लावले की सावल्या चार दिशांना जातात, आणि भीती वाटायच्या ऐवजी एसटीच्या पासावरचे फोटो आठवतात.

चार_रंगी

क्यूआर कोड टाकणार असाल तर काळ्यावर पांढरा उलटा छापू नका, काही मोबाइल तो वाचत नाहीत. फिकट चौकोनात गडद कोड, भोवती चार घरांएवढी मोकळी जागा. रुंदी अंतराच्या दहाव्या भागाएवढी. ५ फुटांवरून वाचायचा तर ६ इंच. चौकातल्या उंच फ्लेक्सवर तो टाकूच नका, कुणी रस्त्यात उभं राहून स्कॅन करत नाही. फक्त कागदी पोस्टरला, खालच्या पट्टीत.

थिएटरात लावणार असाल तर प्रमाणपत्राचा वर्गही पोस्टरवर दिसायला हवा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या वर्गाचे) तीन भाग झालेत : यूए ७+, यूए १३+, यूए १६+. पट्टीत आत्ताच त्याला जागा सोडा, नंतर तो चिकटवला की नामावलीवर बसतो.

प्रेसला मजकूर देण्याआधी शीटचा आकार विचारा. यंत्र कागद ज्या कडेला धरतं ती १०-१२ मिमी छापली जात नाही, आणि चारही बाजूंना कापायला ३ मिमी जास्तीचं चित्र लागतं. म्हणजे २० बाय ३० च्या शीटवर पूर्ण २० बाय ३० चं पोस्टर बसत नाही. १९ बाय २९ चं रचा. प्रती शंभरच्या आत असतील तर डिजिटल, पाचशेच्या पुढे ऑफसेट. मधल्या संख्येला दोन्हीकडे दर विचारा. कागद भिंतीसाठी ८०-९० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम). १३० चा आर्ट पेपर सुंदर दिसतो, पण खळीने चिकटवला की कोपरे उठतात. खळीत मोरचूद घाला, नाहीतर मैद्याला झुरळं लागतात.

बागेतला_रखवालदार

फ्लेक्सचा नमुना आधी बघायला मिळतो का, नाना? पूर्ण ८० चौरस फूट छापून मग कळलं तर उशीर होईल.

फ्लेक्सवाले_नाना

पूर्ण चित्र लहान करून छापून घेऊ नका, त्याने काही कळत नाही. खऱ्या मापातला २ बाय २ फुटांचा एक तुकडा कापून द्या. त्यात उजळलेली बॅग, तिच्या शेजारची गडद पानं आणि 'ई' चा थोडा भाग आला पाहिजे. ज्या यंत्रावर, ज्या रोलवर मोठा छापणार, त्यावरच. तुकडा दुकानात बघू नका, तिथे ट्यूबलाइट असते. बाहेर नेऊन दुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा, ३० फुटांवरून बघा. दुपारी पानं दिसत नसतील तर फाइलमध्ये फक्त पानांचा भाग १०-१५ टक्के उजळा, बॅगेला हात लावू नका. मग दुसरा तुकडा.

बागेतला_रखवालदार

फाइल तयार करतो. पहिला तुकडा छापला की फोटो इथेच टाकतो, उन्हातला आणि दिवेलागणीचा, दोन्ही.

शेवभाजी_डबल_तिखट

टाका. आणि निर्मात्यांना विचारा, चारवरून तीनवर येता का.